कोपऱ्यातली बाबागाडी

माझी जाऊ इटलीला गेली तेव्हा तिच्या बॅगेत आळीव होते, डिंक होता, बाळंतशेपा होत्या, ओव्याची पुरचुंडी होती आणि माझी एक जुनी सुती साडी होती. इटलीविषयीची माहिती तेवढी नव्हती. ती सगळी माझ्याकडे होती, आणि मी भिवंडीत होते.

सरळ सांगते, मी जळले. तिचा पहिला फोटो आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. फोटोत लालसर विटांचे खांब, खांबांवर कमानी, कमानींखालून लांबवर गेलेली गुळगुळीत फरशी. खाली तिचा आवाज: "अगं, ह्या अख्ख्या गावाला पडवी हाय! बाहेर धो-धो पडतोय न् मी कोरडीच्या कोरडी. ह्ये काय हाय गं? तुला म्हाईत असंल." मी हात न धुताच फोटो मोठा करून बघत राहिले. त्या दिवशी गवार करपली आणि घरातल्यांनी ती मुकाट्याने खाल्ली.

आमचं घर वर-खाली आहे. खाली मोठे दीर आणि जाऊ, वर आम्ही दोघं. जावेचं माहेर दिघाशीचं, शेतकऱ्याघरचं. लग्न होऊन भिवंडीत आली, केस पांढरे झाले, तरी बोलण्यातलं हाय-न्हाय काही सुटलं नाही. मी तिला वहिनी म्हणते. तिला एकच मुलगी. ही मुलगी कापडावरच्या डिझाइनचं शिकली, पुढच्या शिक्षणाला इटलीत गेली, तिथेच नोकरीला लागली आणि आपल्याकडच्याच एका मुलाशी लग्न करून बोलोन्या नावाच्या शहरात तिने संसार थाटला. तिचं पहिलं बाळंतपण, म्हणून आई गेली. आईनेच जायचं असतं. त्यात मी तोंड उघडावं असं काही नव्हतं.

पण त्या मुलीच्या हातात पहिला ब्रश मी दिला होता. मी इथल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. बाहेर कापडाच्या लूमचा खडखडाट चालू असायचा आणि मी फळ्यावर घुमट काढायचे, कमानी काढायचे, सगळ्या रेषा लांबवर एका ठिपक्यात कशा जाऊन मिळतात ते ओरडून सांगायचे. मुलांना हे परीक्षेला किती मार्कांना येतं एवढंच हवं असे. ही एकटी संध्याकाळी जिना चढून वर यायची आणि ओट्याशी टेकून विचारायची, "काकू, तो घुमट पडत कसा नाही?" मी गॅस बारीक करून तिला सांगत बसायचे. रंगपेटीत बर्न्ट सिएना नावाची तपकिरी ट्यूब असते. सिएना हे इटलीतलं गाव, तिथल्या मातीचा तो रंग, असं मी तिला सांगितलं तेव्हा तिने बोटावर रंग घेऊन त्याचा वास घेतला होता. त्या गावाचा रंग सगळी नोकरी माझ्या नखांत होता. गाव मात्र मी कधी पाहिलं नाही.

आणि निघाली कोण, तर वहिनी. जी जन्मात कुठल्या म्युझियमची पायरी चढली नाही ती. आदल्या दिवशी ती वर आली आणि म्हणाली, "एखादं जुनं पातळ दे गं, मऊ झालेलं. पोराला पयलं नवं कापड घालीत न्हाईत." मी शाळेत नेसायचे ती पिवळसर साडी काढून दिली. पदरावर त्याच तपकिरी रंगाचा डाग होता, कितीही धुतला तरी न गेलेला. माझी साडी इटलीला निघाली आणि मी तिची नीट घडी घालून दिली. शिवाय दिरांचं पथ्याचं जेवण माझ्या गळ्यात आलं. ती तिकडे कमानींखालून फिरणार आणि मी इकडे तिच्या नवऱ्याला नाचणीची भाकरी थापून देणार, अशी एकूण वाटणी झाली.

बाळ झालं, सगळं सुखरूप पार पडलं. आनंद मलाही झाला, तो खोटा नव्हता. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाळाला रोज बाहेर हिंडवा. वहिनीचा फोन आला, "सव्वा म्हैना न्हाय झाला न् पोराला बाहेर काढा म्हंत्यात! बाळंतिणीला मी न्हाय सोडायची. मीच नेते." मग रोज सकाळी बाबागाडी ढकलत वहिनीचं नगरभ्रमण सुरू झालं. म्हणजे मला मिळायला हवं होतं ते सगळं एका बाबागाडीच्या दांड्याला धरून तिच्याकडे चालत आलं.

रोज फोटो आणि रोज तोच प्रश्न, हे काय हाय गं. एका मोठ्या देवळाचा, म्हणजे चर्चचा, दर्शनी भाग आला. अर्ध्यापर्यंत गुलाबी-पांढरा संगमरवर आणि वर उघड्या ओबडधोबड विटा. "पैसं संपलं वाटतं बिचाऱ्यांचं," वहिनी म्हणाली. "आपल्याकडं वरचा माळा ऱ्हातो तसाच." एका दाराच्या पितळी कड्याचा फोटो आला, सिंहाच्या तोंडातलं कडं, हात लावून लावून सिंहाचं नाक झिजलेलं. एका हॉटेलात सगळे काउंटरला उभे राहून एवढ्याशा कपातून कॉफी पीत होते, त्याचा आला. "बसायला जागा हाय तरी उभीच. दोन घोटात संपली की चालली." फोटो वाकडे असायचे. खाली कोपऱ्यात बाबागाडीचं टप आलेलं असायचं, त्याने कमानीची रेषा बिघडायची. मी ते टप कापून टाकायचे आणि उरलेला फोटो माझ्याकडे ठेवायचे.

उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण जन्मभर शिकवलेल्या माणसाला कुणी "हे काय?" म्हणून विचारलं की गप्प बसवत नाही. मी लांबलचक लिहायचे. वरचे मजले पुढे वाढवले म्हणून खाली खांब कसे आले, विटेचा रंग सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा का दिसतो, हा सिंह तिथल्या दारांवर का असतो. एकदा बाजारात महिला मंडळातली एक बाई भेटली. पालेभाजीची जुडी झटकत म्हणाली, "तुमच्या जाऊबाई काय सुंदर लिहितात हो! आम्ही रोज ग्रुपवर वाट बघतो." तिने मोबाइल दाखवला. माझी ओळन् ओळ तिथे होती. वर वहिनीने फक्त 'नमस्कार मैत्रिणींनो' जोडलं होतं. मी कोथिंबीर न घेताच घरी आले.

मी नवऱ्याला म्हटलं, "बघा, माझंच लिहिलेलं आपलं म्हणून वाटतेय." तो म्हणाला, "मग लिहू नकोस." दुसऱ्या दिवशी फोटो आला आणि मी लिहिलंच.

या सगळ्यामागे एक गोष्ट होती आणि ती मी कुणाला बोलले नव्हते. वहिनीचा व्हिसा तीन महिन्यांचा होता. ती परत आली की काही दिवसांत पुतणी कामावर रुजू होणार आणि बाळापाशी घरचं माणूस लागणार. रीतीप्रमाणे आईनंतर सासूची पाळी. पण पुतणीच्या सासूबाई नाशिकला, गुडघ्यांनी बेजार. म्हणजे जागा रिकामी होती. ती मला बोलावेल का, या एका प्रश्नावर मी ते तीन महिने काढले. आपणहून विचारायचं नाही एवढं पक्कं होतं. फक्त पासपोर्ट काढून ठेवला.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला तेव्हा दीर खाली ओटीवर पेपर वाचत होते. पोलिसाने विचारलं, "मॅडम, कुठे जाणार?"

"कुठे नाही."

"मग पासपोर्ट कशाला?"

"असावा घरात."

दिरांनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं आणि परत वर केला. त्या दिवशी भाकरीबरोबर त्यांनी दुसऱ्यांदा भाजी मागितली नाही.

बोलावणं येण्यात एक अडचण होती आणि ती कुणी उघड बोलत नाही. मला मूल नाही. बाळंतिणीच्या खोलीत कुणी जावं, बाळाला पहिलं कुणी घ्यावं, याचे आपल्याकडे नियम असतात. ही पुतणी जन्मली तेव्हा पाचवीच्या पूजेला सगळ्या बायका आत बसल्या होत्या आणि आमच्या सासूबाई मला म्हणाल्या, "कढी बघ गं जरा." कढी केव्हाच उकळून झाली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन ती ढवळत उभी राहिले. तेव्हा इटली माझ्या डोक्यातही नव्हती, पण जळणं मात्र तेच होतं. तेव्हापासून वहिनीचं काहीही चांगलं झालं की मला त्या कढीचा वास येतो.

मग मीही हिंडायला निघाले. तू फिरतेस ना, मग मीही फिरते, असला तो हट्ट. स्कूटी काढली आणि वळ नावाच्या गावाकडे गेले. तिथे शेतांच्या जागी गोडाऊनं आली आणि गोडाऊनांच्या मागोमाग बंगले. असे बंगले की बघत राहावं. पुढे चार गोल खांब, वर प्लास्टरची कोरीव पानं, पानांना सोनेरी रंग. फाटकावर दोन सिंह. अंगणात कारंजं आणि कारंजावर घागर घेतलेली एक पांढरी बाई, तिच्या उघड्या दंडावर कुणीतरी टॉवेल वाळत घातलेला. मी फोटो काढायला लागले तशी घरमालकीण बाहेर आली. मला वाटलं, आता हाकलणार. ती म्हणाली, "भाईरूनच काय बगता, बाई? आत या. लादी इटालियन हाय. चपला तेवढ्या काढा."

मी चपला काढून आत गेले. पूर्ण हॉलभर फुलाफुलांची प्लास्टिकची चटई. लादी कुठे दिसेना. मी विचारलं तशी ती वाकली आणि चटईचा एक कोपरा उचलून धरला. खाली खरोखरच करड्या शिरांचा पांढराशुभ्र दगड होता. "हळद सांडली तं डाग जात न्हाय ना," ती म्हणाली, "म्हून झाकून ठेवलीय." आम्ही दोघींनी वाकून तो कोपरा पाहिला आणि तिने चटई परत खाली सोडली. चहा मात्र तिने मला पाजूनच पाठवलं.

मी ते सगळे फोटो वहिनीला धाडले. खाली लिहिलं, 'इटली बघायला इतक्या लांब जावं लागत नाही.' मला वाटलं, आता लागेल तिला. तिचं उत्तर आलं, "अगं बया, ह्ये तं हिथल्यापरीस भारी हाय! हिथं सगळं जुनाट, रंग उडालेला. कुनी रंगच काढीत न्हाय." माझा बाण असा फुकट गेला.

येताना हायवेवर मार्बलवाल्याची शेड दिसली तिथे थांबले. माणसापेक्षा उंच दगडी पाट रांगेने उभे करून ठेवले होते. प्रत्येकावर खडूने काहीतरी लिहिलेलं. मी एकाजवळ गेले तशी आतून हाक आली, "मॅडम, वो इटालियन है, हात मत लगाओ." मी म्हटलं, "घ्यायचं नाही, बघायचंय." तो म्हणाला, "देखो ना, देखने का क्या है." तो आत वळल्यावर मी तळवा त्या दगडावर टेकवला. बाहेर ट्रक जात होते, ऊन मी म्हणत होतं, आणि दगड गार होता. मी हात काढला नाही. एवढं तरी माझ्या वाट्याला यावं, असं मनात म्हणत उभी राहिले.

आणि मग ती मातीच्या बायकांची सकाळ आली. पाऊस आला म्हणून वहिनी बाबागाडी घेऊन एका देवळात शिरली होती. तिचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "अगं, हिथं मातीच्या बाया हायत. माणसाएवढ्या. पुढं मेलेला मानूस निजवलाय न् ह्या रडतायत. एक धावत आलीय, तिचा पदर मागं उडालाय. तोंड उघडलंय. आवाज येईल असं वाटतंय गं. माजी आई गेली तवा मी अशीच धावत आले व्हते दिघाशीला." पुढे नुसता तिचा श्वास ऐकू येत होता आणि बाळाची बारीक कुरकुर.

येशूच्या देहापाशी रडणाऱ्या त्या बायका मला माहीत होत्या. माझ्या जुन्या पुस्तकात त्यांचा काळापांढरा, आगपेटीएवढा फोटो होता. तो भिंगाने बघून मी उडालेला पदर पेन्सिलीने काढला होता, अनेकदा काढला होता, आणि एकदाही तो वाऱ्यावर उडालेला वाटला नव्हता. वहिनी त्यांच्यासमोर उभी राहून रडली. मला रडू आलं ते वेगळ्या कारणाने. मी उत्तर लिहिलं नाही. दोन दिवस काहीच लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "बरं न्हाय का गं तुला? लिवलं न्हाय काय." मी म्हटलं, "पाहुणे होते."

वहिनी परत आली. गल्लीत चॉकलेटं वाटून झाली, दिरांना नवी टोपी मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर ती जिना चढून वर आली आणि ओट्याशी टेकून उभी राहिली, तिची मुलगी उभी राहायची तशीच. हातात कॉफीची किटली होती, ॲल्युमिनियमची, आठ कोनांची, कमरेत बारीक. "ही तुला दिलीय तिनं. म्हनाली, काकूला आकार आवडेल."

"छान आहे."

"मला स्वेटर दिला," वहिनी म्हणाली. "भिवंडीत स्वेटर!"

मी हसले. ती हसली नाही.

"तुज्यापायी तिथं जीव नको झाला व्हता मला," ती म्हणाली.

"माझ्यापायी?"

"मंग काय! पोटुशी व्हती तवापास्नं पोरीचं पावलोपावली काकू. ह्या कमानीखाली काकू असती तर तासभर हलली नसती. हा दरवाजा काकूनं बघायला हवा. आई, तू बघतेस का नुसती चालतेस? मी लंगोटं धुवू का दरवाजं बघू?" ती खुर्ची ओढून बसली. "म्हनून तुला फोटो धाडायची. तू लिवायचीस ते पाठ करायची. संध्याकाळी तिच्यापाशी बसले की सांगायची, ह्यो खांब असा न् ती वीट तशी. पयल्याच दिवशी वळखलं तिनं. म्हनाली, 'काकूचं आहे ना हे?' मी म्हटलं, न्हाय, माजं हाय."

मी किटलीचं झाकण उघडलं, लावलं.

"पोर माजी," वहिनी म्हणाली, "पन तिचं डोळं तुजं हायत. लहानपणापास्नं बघते मी. वर तुज्याकडं पळायची. खाली आली की म्हनायची, आई, तुला न्हाय कळणार."

इतकी वर्षं ती खाली बसून जळत होती आणि मी वर, आणि मधे एक जिना होता. मला वाटलं होतं जळण्याचा हक्क माझ्या एकटीचा आहे.

"तुला बोलावलंय तिनं," वहिनी म्हणाली. "तिच्या सासूबाईंचं गुडघं न्हाय ऐकत. न् ऐकलं असतं तरी तिला तूच पायजे व्हतीस. जाशील ना? पासपोर्ट हाय तुज्याकडं. ह्यांनी सांगितलं मला फोनवर, तवाच."

तीन महिने ज्याची वाट पाहिली ते ऐकलं आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. "वहिनी, मी कधी बाळाचं काही केलेलं नाही. मी गेलेलं चालेल का... म्हणजे, लोक..."

"पाचवीला तुला कढी बघायला धाडलं, ते मी आतून ऐकलं व्हतं," वहिनी म्हणाली. "तवा माजं काय चालत व्हतं? म्हनून आता तुजं पातळ मागून नेलं. पोराच्या अंगाला पयलं कापड तुजं लागलंय. आता कोन काय बोलनार?"

मी भांडी आवरायला वळले, आवरायला काही नव्हतं तरी. मागून ती म्हणाली, "मी व्हते तवा पोर नुसतं रडायचं. रात-रात खांद्यावर घेतलंय मी त्याला. आता तोंड वळखाय लागलंय. आता हसंल, तं तुज्याकडं बघून हसंल." तिने पदराने नाक पुसलं आणि उठली. जिन्याच्या दाराशी थांबून म्हणाली, "जा तू. पन तिकडचं फोटो मला धाडू नको. जळून मरीन मी."

ती खाली गेल्यावर मी मोबाइल घेतला. कापलेले नाही, तिने पाठवलेले मूळ फोटो एकेक करून उघडले. कमानी होत्या, विटा होत्या, झिजल्या नाकाचा सिंह होता. आणि बाळ झाल्यानंतरच्या प्रत्येक फोटोत खाली कोपऱ्यात बाबागाडीच्या टपावर ऊन लागू नये म्हणून टाकलेला माझा पिवळसर पदर होता, तपकिरी डागासकट. कापताना मी तो कधी पाहिलाच नव्हता.

फोटो मी पाठवणार आहे. रोज सकाळी, ती भाजी मोडायला बसते त्या वेळेला. आणि खालचा कोपरा अजिबात कापणार नाही.